आधी प्लग, मग गाडी : इलेक्ट्रिक कारविषयी वाचकांचे प्रश्न

इलेक्ट्रिक कार सामान्य माणसाच्या खिशाला आणि रोजच्या वापराला झेपते का, याविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं. हिशेबात पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि सीएनजी ८५ रुपये किलो धरला आहे. तुमच्या गावचा भाव वेगळा असेल तर तो घालून आकडे पुन्हा मांडा.

प्रश्न : घर ते ऑफिस जाऊन-येऊन ४० किलोमीटर होतात, महिन्याला साधारण हजार. पेट्रोलची छोटी गाडी साडेसात-आठ लाखांत रस्त्यावर येते, तशीच इलेक्ट्रिक अकराच्या आसपास जाते. शोरूममध्ये ‘एक रुपयात एक किलोमीटर’ असं सांगतात. ते खरं आहे का? (चिंचवड)

घरावर सोलर असेल तर खरं आहे. नाहीतर नाही. ‘एक रुपया’ काढताना विजेचा सगळ्यात खालच्या टप्प्याचा दर आणि कंपनीने जाहीर केलेली रेंज (एकदा भरल्यावर चालणारे किलोमीटर) धरलेली असते, आणि प्रत्यक्षात या दोन्ही गोष्टी तुमच्या वाट्याला येत नाहीत.

आधी युनिटचं पाहू. छोट्या गाडीचा पडदा शहरात ‘एका युनिटला ८ किलोमीटर’ दाखवतो. हा बॅटरीतून बाहेर पडलेल्या युनिटचा हिशेब असतो. भिंतीतल्या प्लगपासून बॅटरीपर्यंत येताना १२ ते १५ टक्के वीज उष्णतेत जाते आणि तिचं बिल तुम्हीच भरता. एसी आणि ट्रॅफिक धरून मीटरवरच्या एका युनिटला साडेसहा किलोमीटर धरा. म्हणजे हजार किलोमीटरला साधारण १५५ युनिट.

आता दराचं. महावितरणचं घरगुती बिल टप्प्याटप्प्याने चढतं : १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, त्यापुढे. गाडीचे युनिट घरच्या वापराच्या डोक्यावर बसतात, त्यामुळे त्यांना नेहमी वरचाच दर लागतो. सरासरी दर धरून केलेला हिशेब इथेच फसतो. वहन आकार आणि वीज शुल्क धरून दुसऱ्या टप्प्यात युनिट साधारण १३ रुपयांना पडतं, तिसऱ्यात १७ च्या आसपास. घरचा वापर १२० युनिटांचा असेल तर गाडीसकट २७५ होतात आणि गाडी दुसऱ्या टप्प्यातच राहते : किलोमीटरला २ रुपये. घरी एसी, गिझर मिळून आधीच २८० युनिट जात असतील तर गाडीचा जवळजवळ सगळा वापर तिसऱ्या टप्प्यात जातो : २ रुपये ६० पैसे.

पेट्रोलची गाडी शहरात लिटरला १६ देते असं धरलं तर किलोमीटरला साडेसहा रुपये. तुमची महिन्याची बचत ३,९०० ते ४,५०० रुपये. वर्षाला ५० हजारांच्या आसपास, शिवाय ऑइल, फिल्टर, क्लच नसल्यामुळे देखभालीचे चार-पाच हजार. तीन लाखांचा फरक रोखीने भरला तर साधारण साडेपाच वर्षांत वसूल होतो. तोच फरक ९ टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जात घेतला तर हप्ता ६,२०० च्या वर जातो, वरचं व्याज सुमारे ७४ हजार होतं आणि वसुली सात वर्षांच्या जवळ सरकते. बॅटरीची वॉरंटी बहुतेक कंपन्यांकडे ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते, त्यामुळे हे वॉरंटीच्या आत बसतं.

पण तुलना पेट्रोलशी करून थांबू नका. सीएनजीची गाडी किलोला २४ देत असेल तर किलोमीटरला साडेतीन रुपये. तिच्यापुढे इलेक्ट्रिकची बचत महिन्याला फक्त दीड हजार. किमतीतला फरक अडीच लाखांचा असेल तर तो भरून निघायला जवळजवळ १४ वर्षं लागतील. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याने केवळ पैसे वाचवायचे म्हणून सीएनजी सोडून इलेक्ट्रिक घ्यावी, असं आम्ही म्हणणार नाही. १,८०० ते २,००० किलोमीटर होत असतील आणि घरी चार्जिंग असेल, तर मात्र जरूर घ्या. रांगेत न थांबणं, गिअर न बदलणं आणि इंजिनाचा आवाज नसणं याची किंमत ज्याची त्याने करावी. ती कमी नाही.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर तो आधीपासून ५ टक्केच आहे. त्यामुळे किमतीतली दरी रुंदावली, आणि त्याआधीचे हिशेब आता लागू पडत नाहीत.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत आयकरात सूट मिळते ना? (सोलापूर)

आता नाही. कलम ८०ईईबीची ती सूट १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांपुरती होती. विक्रेता अजून ती सांगत असेल तर हिशेबातून काढून टाका. थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात १५ टक्के सवलत मिळते, पण गाडीची किंमत जास्त असल्यामुळे स्वतःच्या नुकसानीचा विमा महाग पडतो आणि ती सवलत त्यात जिरते.

प्रश्न : आमची सोसायटी २० वर्षं जुनी आहे. पार्किंग स्टिल्टमध्ये आहे. मी माझ्या मीटरवरून वायर आणायला तयार आहे, पण कमिटी आगीच्या भीतीने नाही म्हणते. काय करावं? (डोंबिवली)

कमिटीच्या भीतीला उडवून लावू नका. ती भीती चुकीच्या जागी आहे, एवढंच. चार्जिंगमध्ये जे जळतं ते बहुतेक वेळा प्लग, सॉकेट आणि जोड. त्याचं कारण नीट समजलं तर कमिटीलाही समजावता येतं.

गाडीसोबत येणारा पोर्टेबल चार्जर १५ अँपिअरच्या प्लगवर सलग आठ-नऊ तास चालतो. आपल्याकडचं १६ अँपिअरचं सॉकेट गिझरसाठी बसवलेलं असतं. गिझर वीस मिनिटांत बंद होतो, सॉकेट थंड होतं. इथे ते रात्रभर तापतं. तापलं की आतला पितळी पत्रा सैल पडतो, स्क्रू ढिला होतो, ढिल्या जोडाला आणखी उष्णता येते. महिना-दोन महिन्यांनी प्लगची एक पिन तपकिरी दिसू लागते, मग सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडून फुगतं. एवढं दिसलं तरी लोक प्लग जरा दाबून बसवतात आणि चार्जिंग चालू ठेवतात. आग इथून लागते.

म्हणून असं करून घ्या. मीटर रूममधून स्वतंत्र लाइन, तांब्याची, ३० मीटरपर्यंत ४ चौरस मिलिमीटर. अंतर त्यापुढे असेल तर ६ चौरस मिलिमीटर. मीटरमागे थोडे पैसे वाचवायला अडीचची वायर टाकू नका. ३० मीटरवर तिच्यात जवळपास पावणेसात व्होल्ट पडतात, चारच्या वायरमध्ये सव्वाचार. पडलेले व्होल्ट म्हणजे पाइपात कोंडलेली उष्णता. मीटरजवळ २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (जादा प्रवाह गेला की आपोआप पडणारा स्विच), सोबत ३० मिलिअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). साधा टाइप एसी नको, कारण चार्जरमधून डीसी अंश असलेली गळती होऊ शकते आणि ती त्याला नीट कळत नाही. गाडीच्या बाजूला घरगुती सॉकेटऐवजी निळं इंडस्ट्रियल सॉकेट, झाकणाचं, जमिनीपासून चार फूट वर. एक्स्टेंशन बोर्ड कधीही नाही. ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर हवा असेल तर ३२ अँपिअर लागतात : ६ ची वायर, अंतर जास्त असेल तर १० ची, ४० अँपिअरचा एमसीबी आणि वाढवलेला मंजूर भार.

बिलावर ‘मंजूर भार’ बघा. तो ३ किलोवॅट असेल तर चार्जर एकटाच तो खाऊन टाकतो. भार वाढवण्याचा अर्ज महावितरणकडे ऑनलाइन करता येतो. तुमचा घरगुती वापर ३०० युनिटांच्या पुढे असेल तर गाडीसाठी स्वतंत्र मीटर मागा. ईव्ही चार्जिंगची वेगळी वर्गवारी आहे, तिथे घरगुती चढते टप्पे नसतात. स्थिर आकार वेगळा द्यावा लागतो, म्हणून महिन्याला तीन-चारशे किलोमीटर चालवणाऱ्याला तो परवडणार नाही.

कमिटीला तोंडी विचारू नका. पत्र द्या, सोबत तीन कागद जोडा : परवानाधारक वीज कंत्राटदाराने काढलेला लाइनचा आराखडा, मंजूर भाराचा पुरावा आणि काम झाल्यावर टेस्ट रिपोर्ट देण्याची हमी. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गाडीमालक आपल्या सध्याच्या कनेक्शनवरून चार्ज करू शकतो किंवा वेगळं कनेक्शन मागू शकतो, हेही पत्रात लिहा. सॉकेट जिन्यापासून आणि मीटर पॅनेलपासून दूर घ्यायची तयारी दाखवा. एवढं कागदावर आलं की बैठकीतली चर्चा ‘आग लागली तर?’ वरून ‘वायर कुठून न्यायची?’ वर येते.

आणि एवढं करूनही प्लग मिळत नसेल, तर गाडी घेऊ नका. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिट १८ ते २५ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी पडतो. किलोमीटरला साडेतीन-चार रुपये होतात, म्हणजे सीएनजीइतके किंवा जास्त, आणि आठवड्यातून दोनदा तासभर थांबणं वेगळं.

प्रश्न : तालुक्याच्या गावी घर आहे, अंगण आहे, जागेचा प्रश्न नाही. पण चार्जर लावला की लाल दिवा लागतो, कधी मध्येच थांबतो. वायरमन म्हणतो गाडीत खोट आहे. (सांगली जिल्हा)

बहुतेक वेळा खोट अर्थिंगमध्ये निघते. टीव्ही, फ्रिज अर्थिंग नसतानाही चालतात, म्हणून ते वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही. चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि मगच वीज घेतो.

मल्टिमीटरने तीन मापं घ्यायला सांगा. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी हवीत. तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. ते १५-२० दाखवत असेल तर अर्थिंग नाही किंवा न्यूट्रल ढिला आहे. मल्टिमीटर फसवतो असं वाटलं तर आरसीसीबीच्या आधीच्या बाजूला फेज आणि अर्थिंग यांच्यात २०० वॉटचा बल्ब लावून पाहावा (हे वायरमननेच करायचं). बल्ब मंद पेटला तर अर्थिंग कमकुवत. फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले असले तरी काही चार्जर नकार देतात. दोन वायरी बदलल्या की पाच मिनिटांत प्रश्न मिटतो.

नवीन अर्थिंग घ्यायचं तर अडीच ते तीन मीटर खोल खड्डा, तांब्याचा मुलामा दिलेला रॉड, भोवती अर्थिंग कंपाउंड, वर झाकणाची चेंबर. जागा मोरीच्या किंवा नळाच्या सांडपाण्याजवळची निवडा, म्हणजे ओल राहते. कोळसा-मीठ घातलेलं जुनं अर्थिंग पावसाळ्यात चालतं आणि एप्रिल-मेमध्ये जमीन वाळली की तक्रार पुन्हा सुरू होते. खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतून पाहा. दिवा गेला तर रोग तिथेच आहे.

मध्येच थांबण्याचं कारण दाब असू शकतो. दाब १८०-१९० व्होल्टच्या खाली गेला की बरेच चार्जर बंद होतात. संध्याकाळी ६ ते १० टाळा, रात्री ११ नंतर लावा. तरीही दाब मिळत नसेल तर ५ केव्हीएचा स्टॅबिलायझर फक्त या लाइनवर घ्या. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर गाडी चार्ज होत नाही, प्रयत्नही करू नका. शेतीपंपाच्या कनेक्शनवरूनही नको. ते वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापरात धरलं जातं आणि दंडाचं बिल येतं.

तुमच्यासारख्या घराला खरा फायदा छपराचा आहे. महाराष्ट्रात एक किलोवॅट सोलर दिवसाला साधारण ४ युनिट देतो. महिन्याला हजार किलोमीटर चालवायला दिवसाला पाच-सव्वापाच युनिट लागतात, म्हणजे सव्वा ते दीड किलोवॅटचं पॅनेल गाडीसाठी पुरतं. पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तीन किलोवॅट किंवा अधिकला एकूण ७८ हजार अनुदान आहे. तीन किलोवॅट बसवलात तर घर आणि गाडी दोन्ही भागतात. गाडी घ्यायच्या आधी सोलर घ्या, उलट नको.

प्रश्न : वर्षातून चार वेळा पुण्याहून कोल्हापूरला गावी जातो. २४ युनिटची बॅटरी असलेली छोटी गाडी पुरेल का? (पुणे)

जाईल, पण एकदा थांबून नाही, दोनदा थांबून. जाहीर रेंजच्या ६५ ते ७० टक्के धरायची सवय लावा. महामार्गावर ८०-८५ च्या वेगाने युनिटला साडेसहा किलोमीटर मिळतात. १०० ने चालवलं तर पाच-सव्वापाचवर येतात, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो.

पुण्याहून १०० टक्के भरून निघालात तर साताऱ्यापर्यंतच्या ११० किलोमीटरना १७ युनिट लागतात. खंबाटकी घाट धरून तिथे २५ ते ३० टक्के उरतात. साताऱ्यात ८० टक्क्यांपर्यंत भरायला पाऊण तास. छोट्या गाड्या डीसी म्हणजे फास्ट चार्जरवर २०-२५ किलोवॅटच्या वर घेत नाहीत, मग यंत्रावर ६० लिहिलेलं असलं तरी. ८० च्या पुढे वेग आणखी पडतो, म्हणून तिथे बसून राहू नका. तिथून कोल्हापूर १२० किलोमीटर, त्याला ७७ टक्के जातील, म्हणजे ८० वर निघणं धोक्याचं. कराडला पंधरा-वीस मिनिटं अजून थांबा. गणपती-दिवाळीत रांग असते, त्यासाठी तासभर जादा ठेवा, आणि दर ठिकाणी दुसऱ्या चार्जरचं ॲप आधीच फोनवर घेऊन त्यात पैसे भरून ठेवा. बंद चार्जरसमोर उभं राहून ओटीपीची वाट बघणं ही या प्रवासातली सर्वात सामान्य अडचण आहे.

घाटाची भीती मात्र फार बाळगू नका. बोरघाटाचं उदाहरण घ्या. खोपोली ते लोणावळा चढ साधारण ५५० मीटर. माणसं-सामानासकट दीड टन गाडी तेवढी वर न्यायला सव्वादोन युनिट लागतात, मोटरमधली गळती धरून अडीच-पावणेतीन. म्हणजे तुमच्या बॅटरीच्या दहा-अकरा टक्के, सपाट रस्त्याच्या खर्चावर. उतरताना त्यातले निम्म्याहून जास्त परत मिळतात. फक्त घाटमाथ्यावर १०० टक्के भरून उतरू नका. भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज घ्यायला जागा नसते, रिजेन (वेग कमी होताना मोटरने वीज बॅटरीत परत भरणं) बंद पडतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

टोलचं : महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणानुसार मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोल माफ आहे. द्रुतगतीवर एका बाजूचे ३२० आणि अटल सेतूचे २५० वाचतात. नेहमी मुंबई-पुणे करणाऱ्याला हा मोठा आकडा आहे. तुमच्या कोल्हापूरच्या राष्ट्रीय महामार्गावर मात्र टोल भरावाच लागतो. गाडीची नोंद इलेक्ट्रिक असूनही माफीच्या मार्गावर फास्टॅगमधून पैसे कापले गेले तर आरसीची प्रत जोडून फास्टॅग देणाऱ्या बँकेकडे तक्रार करा.

प्रश्न : बॅटरी भाड्याने घेतली तर गाडी चार-पाच लाखांनी स्वस्त पडते म्हणतात. घ्यावी का? (नागपूर)

भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये धरलं तर त्यात विजेचे २ रुपये मिळवा. साडेपाच झाले. पेट्रोलच्या साडेसहाला ते टेकतंच. शिवाय महिन्याला किमान इतके किलोमीटर धरून भाडं घेण्याची अट असते, ती करारात शोधा. कमी चालवणाऱ्याला गाडी उभी असतानाही पैसे भरावे लागतात. कर्ज मिळत नसेल तरच याचा विचार करा.

प्रश्न : आमच्याकडे पुराचं पाणी येतं. अशा ठिकाणी इलेक्ट्रिक गाडी धोक्याची नाही का? (चिपळूण)

२२ जुलै २०२१ चा पूर पाहिलेल्या गावाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. बॅटरीला आयपी ६७ असतं, म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. रस्त्यावर साचलेल्या फूटभर पाण्यातून गाडी हळू काढायला ते पुरेसं आहे. वाशिष्ठीच्या गाळाच्या पाण्यात रात्रभर बुडण्यासाठी ती चाचणी नाही. अशी गाडी पाणी ओसरल्यावर सुरू करू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका. चाकांवर ओढू नका, कारण चाकं फिरली की मोटर वीज तयार करते. सपाट ट्रकवर चढवून, उघड्यावर, भिंतीपासून दूर उभी करून सर्व्हिस सेंटरला न्या. इशारा आला की गाडी उंचावर नेणं हाच उपाय, आणि त्यासाठी पावसाळ्यात बॅटरी ५० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका.

कोकणातल्या दमट हवेत आणखी एक गोष्ट. रिजेनमुळे ब्रेक कमी वापरले जातात आणि डिस्कवर गंज चढतो. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर रिजेन कमी करून चार-पाच वेळा जोरात ब्रेक दाबा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला.

प्रश्न : तीन-चार वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक गाडी नव्याच्या निम्म्या किमतीत मिळते आहे. काय तपासावं? (नाशिक)

सामान्य माणसाला परवडणारी इलेक्ट्रिक गाडी खरं तर हीच, कारण पहिल्या मालकाने घसारा सोसलेला असतो. पण डोळे उघडे ठेवून घ्या.

आधी वॉरंटी. ती दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का, हे कंपनीकडून लेखी घ्या. टॅक्सी म्हणून धावलेल्या गाडीला वॉरंटीच्या अटी वेगळ्या असतात. मग अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीचा आरोग्य अहवाल मागा, म्हणजे मूळ क्षमतेच्या किती टक्के उरली आहे ते कळतं. ८५ टक्क्यांच्या वर असेल तर समाधान माना, ७५ च्या खाली असेल तर गाडी सोडा.

अहवालावर न थांबता स्वतः एक चाचणी करा. १०० टक्क्यांवरून ३० पर्यंत चालवा आणि टक्केवारी कशी उतरते ते दर पाच किलोमीटरला लिहा. मग चार्जरवर १०० पर्यंत भरताना किती युनिट गेले ते बघा. २४ युनिटच्या गाडीत ७० टक्के म्हणजे १६.८ युनिट. गळती धरून मीटरवर १९ च्या आसपास दिसायला हवेत. १५-१६ च दिसले तर बॅटरी आटली आहे.

टक्केवारी १५ वरून एकदम ५ वर घसरली तर लगेच घाबरू नका. बहुतेक छोट्या गाड्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी असते. तिचा दाब रिकामी होत आली तरी जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे गाडीला उरलेली वीज मोजता येत नाही आणि अंदाज चुकत जातो. कायम ८० पर्यंतच भरलेल्या गाडीत हे हमखास होतं. दोन-तीन वेळा सलग १०० पर्यंत भरून, भरल्यावर तासभर प्लगवरच ठेवा. आकडा ताळ्यावर आला तर बॅटरी चांगली. नाही आला तर एखादा सेल कमकुवत आहे.

गाडी जॅकवर चढवून खालून बघा. बॅटरीच्या पत्र्याला पोचा आलेला असेल, तर स्पीडब्रेकरवर आपटली आहे. असा पत्रा दिसला की वॉरंटीचा दावा अडतो. चार्जिंगच्या तोंडातल्या पिना काळ्या पडल्यात का ते टॉर्चने पाहा. आणि पुढच्या झाकणाखालची साधी १२ व्होल्टची बॅटरी किती जुनी आहे ते विचारा. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही दार उघडत नाही, गाडी सुरू होत नाही. तीन वर्षं झाली असतील तर घेतल्याबरोबर बदलून टाका.